बाकावरचे वारसदार

आज गुरुपौर्णिमा. शाळा-महाविद्यालयांतून, गायनाच्या वर्गांतून, तालमींतून आणि मैदानांवरून आज गुरूंना वंदन होईल. हार-श्रीफळ होईल आणि शिष्योत्तमांची नावे अभिमानाने घेतली जातील. या दिवशी आपण बहुधा एकच हिशेब मांडतो: ज्याचा शिष्य सर्वांत नामांकित, तो गुरू सर्वांत थोर. हा हिशेब अपुरा आहे. विद्या पुढच्या पिढीच्या हाती देणारा माणूस अनेकदा मैदानावरचा तारा नसतो. तो कडेला बसून, डोळे उघडे ठेवून सारे पाहत असतो. याची साक्ष काढायची तर ती अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये मिळते. हा खेळ कोणी शोधला, त्याने कोणाला घडवले आणि त्या शिष्याने पुढे कोणाला, हे तेथे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ नावानिशी नोंदलेले आहे. खेळाच्या जन्मापासूनची अशी वंशावळ फार थोड्या विद्यांच्या वाट्याला येते.

तिचा मूळ पुरुष जेम्स नेस्मिथ. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए प्रशिक्षण विद्यालयात तो शिकवत असे. १८९१च्या डिसेंबरात बाहेर कडाक्याची थंडी होती आणि व्यायामशाळेत कंटाळलेली, हूड पोरे होती. त्यांना गुंतवून ठेवायला या तिशीतल्या शिक्षकाने सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, १३ नियम लिहिले आणि नवा खेळ सुरू केला. १८९८मध्ये तो कॅन्सस विद्यापीठात गेला आणि तेथील संघाचा पहिला प्रशिक्षक झाला. त्याच्या कारकिर्दीत संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. कॅन्ससच्या आजवरच्या इतिहासात विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला प्रशिक्षक एकच, आणि तो म्हणजे या खेळाचा जनक. नेस्मिथला त्याची खंत नव्हती. हा खेळ शरीर आणि स्वभाव घडवण्यासाठी आहे, तो खेळायचा असतो, त्यात प्रशिक्षकाने शिकवण्यासारखे काही नाही, असे त्याचे मत होते.

त्याच्या हाताखाली खेळलेला फॉरेस्ट ‘फॉग’ ॲलन याला हे पटले नाही. शेजारच्या बेकर विद्यापीठाने ॲलनला प्रशिक्षक म्हणून बोलावले, तेव्हा नेस्मिथने त्याला आपले हेच मत ऐकवले, अशी आठवण कॅन्ससमध्ये आजही सांगतात. ॲलन तरीही गेला. १९०७मध्ये त्याने कॅन्ससची सूत्रे हाती घेतली आणि मध्ये दहा वर्षांचा खंड सोडला तर १९५६पर्यंत तो तेथेच राहिला. बास्केटबॉल शिकवता येतो, त्याचे शास्त्र मांडता येते, हे त्याने एवढ्या काळात सिद्ध केले. या परंपरेचा आरंभच असा शिष्याच्या मतभेदातून झाला आहे. गुरूने तो मनाला लावून घेतला नाही आणि शिष्यानेही गुरूला अंतर दिले नाही. बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये जावा म्हणून ॲलनने वर्षानुवर्षे खटपट केली. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तो समाविष्ट झाला, तेव्हा प्रशिक्षकांच्या संघटनेने वर्गणी जमवून वृद्ध नेस्मिथला तेथे पाठवले आणि पहिला चेंडू त्याच्या हातून उडवला गेला. आज कॅन्ससच्या क्रीडागृहाला ॲलनचे नाव आहे आणि आतल्या मैदानाला नेस्मिथचे.

ॲलनच्या हाताखालून दोन मोठे प्रशिक्षक निघाले. ॲडॉल्फ रप यांनी केंटकीला चार राष्ट्रीय विजेतेपदे आणि ८७६ विजय मिळवून दिले. डीन स्मिथ यांनी नॉर्थ कॅरोलायनाकडून १९९७मध्ये हा विक्रम मोडला आणि ८७९ विजयांवर निवृत्ती घेतली. म्हणजे सर्वाधिक विजयांचा विक्रम मोडणारा आणि ज्याचा मोडला तो, दोघेही एकाच गुरूचे शिष्य. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ॲलनच्या संघात हे दोघेही बहुतांशी राखीव खेळाडू होते. १९५२मध्ये कॅन्सस राष्ट्रीय विजेता झाला तेव्हा स्मिथ त्या संघात होते. खेळायला मात्र त्यांना फारसे मिळाले नाही. पुढे इंडियाना विद्यापीठात नाव कमावलेले बॉब नाइटही १९६०च्या विजेत्या ओहायो स्टेट संघात राखीवच होते. याला निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. ज्याला अंगभूत कौशल्याने चेंडू टाकता येतो, त्याला तो कसा टाकतो याचा विचार करावा लागत नाही. बाकावर बसलेल्याला तो करावाच लागतो. आपल्याला का घेतले नाही, समोरचा कोठे चुकला, प्रशिक्षकाने या क्षणी खेळाडू का बदलला, हे प्रश्न त्याला रात्रंदिवस छळतात. त्यांची उत्तरे शोधता शोधता तो शिक्षक होतो.

डीन स्मिथ बाकावरचे ते दिवस विसरले नाहीत. त्यांच्या संघात एक शिस्त होती. बास्केट करणाऱ्याने आधी ज्याने पास दिला त्याच्याकडे बोट दाखवायचे. हजारो प्रेक्षक टाळ्या वाजवत असताना त्या एका बोटाने श्रेय कोणाचे ते सर्वांसमोर सांगितले जाई. आज जगभरचे खेळाडू हे करतात. ती सवय प्रामुख्याने स्मिथ यांच्या शाळेतून पसरली. दमलेल्या खेळाडूने मूठ वर करायची, म्हणजे त्याला विश्रांती मिळे, आणि दम खाऊन झाला की मैदानात कधी परतायचे ते त्यानेच ठरवायचे. मोसमातल्या घरच्या शेवटच्या सामन्यात पदवीच्या अखेरच्या वर्षातील सर्वांना, मग ते वर्षभर बाकावर का बसलेले असेनात, सुरुवातीला मैदानात उतरवण्याची प्रथाही त्यांनी पाडली. २०१५मध्ये ते गेले. काही आठवड्यांनी त्यांच्या हाताखाली खेळलेल्या सुमारे १८० खेळाडूंच्या घरी प्रत्येकी २०० डॉलरचा धनादेश आला. आपल्या प्रशिक्षकाकडून बाहेर एक छान जेवण घ्या, अशी मृत्युपत्रातली सूचना सोबत होती. मायकेल जॉर्डनसारख्या अब्जाधीशाला जेवढी रक्कम, तेवढीच जेमतेम काही मिनिटे खेळलेल्याला. गुरूने शिष्यांत भेद करू नये हे आपण सुभाषितांत वाचतो. स्मिथ यांनी ते मृत्युपत्रात लिहून ठेवले.

अशा गुरूच्या बाकावर जागा मिळावी म्हणून माणसे काय सोसतात, हे रॉय विल्यम्स यांच्या उदाहरणावरून कळते. विद्यार्थिदशेत ते नॉर्थ कॅरोलायनाच्या फक्त नवागतांच्या संघात खेळले. मुख्य संघात जागा नव्हती, म्हणून स्मिथ यांच्यासाठी सामन्यांची आकडेवारी टिपू लागले. पुढे एका हायस्कुलात त्यांची प्रशिक्षकाची बरी नोकरी होती. १९७८मध्ये स्मिथ यांनी अर्धवेळ सहायक म्हणून बोलावले, पगार वर्षाला २,७०० डॉलर. घरी लहान मूल होते. विल्यम्स आले आणि घर चालवायला संघाची दिनदर्शिका विकू लागले. स्मिथ यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या टेपा मोटारीतून गावोगावच्या केंद्रांवर पोहोचवण्याचे कामही त्यांनी केले. दहा वर्षांनी, महाविद्यालयीन पातळीवर मुख्य प्रशिक्षकपदाचा कसलाही अनुभव नसताना, कॅन्ससने त्यांना थेट मुख्य प्रशिक्षक नेमले. स्मिथ यांचा शब्द हेच त्यांचे प्रशस्तिपत्र होते. २०००मध्ये मातृसंस्थेने परत बोलावले तेव्हा कॅन्ससच्या मुलांना दिलेला शब्द मोडवेना म्हणून त्यांनी नकार दिला. २००३मध्ये मात्र ते परतले आणि नॉर्थ कॅरोलायनाला तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली.

सहायक प्रशिक्षकाचे काम बाहेरून दिसत नाही. पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यांच्या चित्रफिती रात्र रात्र पाहायच्या. होतकरू मुलांच्या घरी जाऊन आईवडिलांशी बोलायचे. आपला खेळाडू सकाळच्या तासाला बसला की नाही हेही पाहायचे आणि सामन्यात मुख्य प्रशिक्षकाच्या शेजारी बसून हवे तेव्हा बोलायचे, नको तेव्हा गप्प राहायचे. ही उमेदवारी घराण्यातल्या तालमीसारखीच असते: गुरूच्या मागे तंबोरा धरून बसलेला शिष्य जे ऐकतो, ते पुढ्यात बसलेल्या श्रोत्याला ऐकू येत नाही. अशा उमेदवारीतून वाढत जाणाऱ्या शिष्यपरंपरेला अमेरिकेत ‘कोचिंग ट्री’ म्हणतात. स्मिथ यांच्याकडे खेळलेले लॅरी ब्राउन १९८३मध्ये कॅन्ससचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या बाकावर त्या काळात जॉन कॅलिपारी आणि बिल सेल्फ हे दोन तरुण सहायक येऊन गेले. २००८च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात एका बाजूला सेल्फ यांचे कॅन्सस होते आणि दुसऱ्या बाजूला कॅलिपारी यांचे मेम्फिस.

ब्राउन यांच्या याच बाकावर १९८६-८७मध्ये ग्रेग पॉपोविच वर्षभर बसले. कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या महाविद्यालयाचे ते मुख्य प्रशिक्षक होते. रजा काढून, बिनपगारी मदतनीस म्हणून ते शिकायला आले. स्वतः मुख्य प्रशिक्षक असताना दुसऱ्याच्या बाकावर बसायला जी नम्रता लागते, ती त्यांच्याकडे होती. पुढे सॅन अँटोनिओच्या संघाला त्यांनी एनबीए या व्यावसायिक लीगची पाच विजेतेपदे मिळवून दिली. त्यांतले २००५चे डेट्रॉइटविरुद्ध होते आणि डेट्रॉइटच्या बाकावर लॅरी ब्राउन होते.

मात्र गुरूकडून सगळेच घ्यायचे नसते. बॉब नाइट यांच्या इंडियानाने १९७६चा मोसम एकही सामना न हरता जिंकला. आजवर अव्वल श्रेणीतल्या एकाही पुरुष संघाला ते पुन्हा जमलेले नाही. खेळाडूंनी पदवी पूर्ण केलीच पाहिजे, यासाठीही ते कठोर होते. पण रागापुढे त्यांचे काही चालत नसे. १९८५मध्ये भर सामन्यात त्यांनी खुर्ची मैदानात भिरकावली. सरावात एका खेळाडूच्या गळ्याला हात लावल्याची चित्रफीत बाहेर आली आणि २०००मध्ये विद्यापीठाने त्यांना काढून टाकले. त्यांचे शिष्य माइक शशेव्स्की वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत त्यांच्याकडे खेळले आणि पुढे इंडियानात वर्षभर त्यांचे सहायक होते. संरक्षणाचे डावपेच आणि तयारीतला काटेकोरपणा शशेव्स्कींनी गुरूकडून घेतला. सुरुवातीला थोडा रागही आला होता. पण ड्यूक विद्यापीठात ४२ वर्षे काढताना त्यांनी संघ बांधला तो भीतीवर नव्हे, विश्वासावर. गुरुशिष्यांत कित्येक वर्षे अबोला राहिला. मध्ये समेट झाला, पुन्हा दुरावा आला. २०११च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शशेव्स्कींनी ९०३वा विजय मिळवून नाइट यांचा विक्रम मोडला, तेव्हा नाइट समालोचक म्हणून तेथेच बसले होते. सामना संपताच शिष्य प्रथम त्यांच्याकडे गेला आणि दोघांनी मिठी मारली. गुरूचे ऋण मान्य करणे आणि गुरूचे दोष न उचलणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात. किंबहुना दोन्ही केल्या तरच शिष्यत्व पुरे होते.

आता या वंशावळीची दुसरी बाजू. बाकावर कोणाला बसू द्यायचे हे अमेरिकेत दीर्घकाळ कातडीचा रंग ठरवत असे. जॉन मॅकलेंडन हा कृष्णवर्णीय तरुण १९३३मध्ये कॅन्ससला आला. नेस्मिथ हेच तुझे मार्गदर्शक, असे वडिलांनी त्याला बजावून पाठवले होते. नेस्मिथने त्याला जवळ केले. पण विद्यापीठाच्या संघात त्याला खेळता येणार नव्हते. तो संघ गोऱ्यांचा होता आणि त्याचे प्रशिक्षक खुद्द ॲलन होते. कॅन्ससच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू यायला १९५१ साल उजाडावे लागले. ज्याला बाकाची कडही शिवू दिली नाही, तो मॅकलेंडन नेस्मिथकडून खेळाचा गाभा शिकला आणि डरहॅम येथील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात प्रशिक्षक झाला. वेगवान प्रतिहल्ला आणि संपूर्ण मैदानभर दडपण आणणारा बचाव त्याने विकसित केला. आजचा बास्केटबॉल ज्या वेगाने खेळला जातो, त्याच्या मुळाशी मॅकलेंडनचे हे काम आहे.

१२ मार्च १९४४, रविवारची सकाळ. गाव चर्चमध्ये होते. ड्यूकच्या वैद्यकीय महाविद्यालयातील गोऱ्या खेळाडूंचा संघ तोंडे झाकून, लपतछपत मॅकलेंडनच्या व्यायामशाळेत आला. दारे आतून लावून घेतली. गोऱ्या आणि काळ्यांनी एकत्र खेळणे तेव्हा त्या राज्यात वर्णभेदाच्या नियमांविरुद्ध होते. मॅकलेंडनचा संघ ८८-४४ असा जिंकला. त्यानंतर मुलांनी संघ मिसळून पुन्हा एक सामना खेळला. अर्धशतकभर या सामन्याचा गवगवा झाला नाही. पुढे टेनेसीतील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाला मॅकलेंडनने १९५७, ५८ आणि ५९ अशी सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. असे करणारा तो पहिला महाविद्यालयीन प्रशिक्षक. नेस्मिथच्या घराण्याची ही शाखा घराण्याच्या अधिकृत ओसरीबाहेर वाढली, आणि तिनेच खेळाला सर्वांत जास्त पुढे नेले.

याउलट रप. १९६६च्या अंतिम सामन्यात त्यांचा सर्व गोऱ्यांचा संघ टेक्सस वेस्टर्नच्या पाच कृष्णवर्णीय खेळाडूंपुढे ७२-६५ असा हरला. रप यांची ८७६ विजयांची कारकीर्द थोरच, पण केंटकीच्या मुख्य संघातून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू खेळायला १९७० उजाडले. त्यांचेच गुरुबंधू डीन स्मिथ. त्यांचे वडील हायस्कूलचे प्रशिक्षक होते आणि १९३४मध्ये त्यांनी आपल्या संघात कृष्णवर्णीय मुलाला घेतले होते. स्मिथ यांनी १९६६मध्येच चार्ली स्कॉट या कृष्णवर्णीय खेळाडूला शिष्यवृत्ती देऊन नॉर्थ कॅरोलायनात आणले. त्याआधी, केवळ सहायक असताना, ते एका धर्मोपदेशकासह आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यासह गावातल्या गोऱ्यांच्या उपाहारगृहात जाऊन बसले होते. एकाच गुरूकडून दोघांनी एकच विद्या घेतली. कोणासाठी दार उघडायचे, हे मात्र ज्याचे त्याने ठरवले. गुरुपरंपरेत जन्मलो म्हणून कोणी आपोआप न्यायी होत नाही, हा यातला धडा आहे.

स्त्रियांना तर ही परंपरा शून्यातून उभारावी लागली. पॅट समिट १९७४मध्ये वयाच्या अवघ्या २२व्या वर्षी टेनेसीच्या मुलींच्या संघाच्या प्रशिक्षक झाल्या, तेव्हा संघाचे कपडे धुण्यापासून व्हॅन चालवण्यापर्यंत सारे त्या स्वतः करत. ३८ वर्षांत त्यांनी १,०९८ विजय आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. त्यांच्या सहायक राहिलेल्या कॅरोलिन पेक १९९९मध्ये पर्ड्यू विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला प्रशिक्षक ठरल्या. विजेत्या संघाने बास्केटची जाळी कापून तिचे तुकडे जपून ठेवायचे, अशी तेथे रीत आहे. पेक यांनी आपल्या जाळीचा तुकडा २०१५मध्ये साउथ कॅरोलायनाच्या प्रशिक्षक डॉन स्टेली यांना दिला. तू जिंकलीस की परत कर, या अटीवर. स्टेली २०१७मध्ये जिंकल्या. त्यांनी शब्द पाळला, आणि पुढे २०२१मध्ये आपल्या जाळीचे तुकडे देशातल्या अव्वल श्रेणीच्या कृष्णवर्णीय महिला मुख्य प्रशिक्षकांना पाठवून दिले. स्टेली या पेक यांच्या शिष्या नव्हत्या. खेळाडू असताना १९९१चा अंतिम सामना त्या समिट यांच्या संघाविरुद्धच हरल्या होत्या. वारसा रक्ताचा नसतो हे आपण मानतो. तो एकाच संघाचाही असावा लागत नाही, हे या मुलुखावेगळ्या भेटीने दाखवले.

या साऱ्याचा आपल्याशी संबंध जुना आहे. स्प्रिंगफिल्डच्याच संस्थेत शिकलेले हॅरी बक यांनी १९२०मध्ये मद्रासला वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढले आणि भारतातल्या क्रीडाशिक्षकांच्या पिढ्या तेथून घडू लागल्या. आणि बाकावरच्या वारसदाराचे उदाहरण तर मुंबईतच आहे. १९८८मध्ये हॅरिस शिल्डच्या शालेय क्रिकेट सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागी रचली, तेव्हा रमाकांत आचरेकर सरांचा आणखी एक शिष्य पॅड बांधून आपली पाळी येण्याची वाट पाहत बसला होता. अमोल मुझुमदारला पुढेही भारताकडून खेळण्याची संधी मिळाली नाही. २०२२च्या रणजी अंतिम सामन्यात तो मुंबईचा प्रशिक्षक होता आणि जिंकलेल्या मध्य प्रदेशचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. दोघेही आचरेकर सरांचेच. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी पहिला विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक हाच मुझुमदार होता.

म्हणून आजच्या दिवशी महाराष्ट्रातल्या शाळा, महाविद्यालये, क्रीडा संघटना आणि शासन यांच्याकडे आमचे स्पष्ट मागणे आहे. प्रशिक्षकाला कंत्राटावर ठेवून आणि तासाच्या हिशेबाने मोजून परंपरा उभी राहत नाही. प्रत्येक अनुभवी प्रशिक्षकाच्या शेजारी पगारी सहायकाची एक जागा निर्माण करा. ती जागा भरताना ओळखीपाळखी बघू नका. संघात ज्याला खेळायला मिळाले नाही, पण ज्याने सगळे पाहिले, अशा मुलाला आणि मुलीला आधी विचारा. ज्यांना आजवर जात, भाषा, गाव किंवा लिंग यांमुळे दाराबाहेर ठेवले, त्यांच्यासाठी ती जागा आवर्जून मोकळी ठेवा. आणि कोणी कोणाला घडवले याची नोंद करा, कारण नोंद नसलेल्या गुरूंची नावे दोन पिढ्यांत पुसली जातात. गुरूंना हार घालण्याचे काम आज सकाळीच उरकेल. त्यांच्या शेजारचा रिकामा बाक भरण्याचे काम उद्यापासून सुरू झाले पाहिजे.